‘नसा कमजोर’ म्हणजे नेमकी कुठली नस?

प्रश्न : एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात असं : वय ४१. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकावर काम. गेल्या तीन महिन्यांपासून पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात बधिर झालेला असतो. झटकला की पाच-दहा मिनिटांत ठीक होतो. आता दिवसाही बराच वेळ फोन कानाला धरला की तसंच होतं. पायावर पाय टाकून बसलं की पायही झोपतो. घरच्यांचं म्हणणं, ‘नसा कमजोर झाल्यात.’ त्यांनी आणून दिलेल्या नसांच्या ताकदीच्या गोळ्या दोन महिने चालू आहेत, फरक शून्य. वडिलांना बासष्टाव्या वर्षी पक्षाघात झाला होता, म्हणून आता त्यांची झोप दुहेरी उडाली आहे. मेंदूचा एमआरआय करून घ्यावा, की गोळ्या दुप्पट करून आणखी काही महिने थांबावं, असं त्या विचारतात.

उत्तर : निदान आत्ता तरी दोन्ही नको.

तुमचं पत्र तपशीलवार आहे, पण ज्यावर सगळं अडलंय ती एकच गोष्ट त्यात नाही. हाताची कुठली बोटं बधिर होतात? ‘पूर्ण हात’ असं बहुतेक जण सांगतात, आणि अर्धवट झोपेत तसं वाटतंही. म्हणून पुढच्या वेळी जाग आली की हात झटकण्याआधी दिवा लावा आणि डाव्या हाताच्या बोटाने उजव्या हाताचं एकेक बोट हलकेच चाचपून पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. अनामिका मात्र दोनदा तपासा, एकदा मधल्या बोटाकडची बाजू आणि एकदा करंगळीकडची. कागदावर हाताची बाह्यरेषा काढून बधिर भाग पेन्सिलीने रंगवून ठेवा. असं दोन-तीन रात्री करा. अनामिकेचं एवढं कौतुक का, ते पुढे येईलच.

आधी ‘नसा कमजोर’ या निदानाकडे वळू, कारण तुमच्या दोन्ही पर्यायांचं मूळ तिथे आहे. आपण ‘नस’ किंवा ‘शीर’ हा शब्द निदान तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. रक्त काढताना ‘नस सापडत नाही’ म्हणतो, तेव्हा ती रक्तवाहिनी असते. ‘मानेच्या शिरा आखडल्या’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ते स्नायू किंवा त्यांचे दोर असतात. आणि ‘नस दबली’ म्हणतो, तेव्हा ती चेता असते, म्हणजे दवाखान्यातल्या भाषेत नर्व्ह. (हा घोटाळा फक्त आपलाच नाही. ज्या ग्रीक शब्दापासून ‘न्यूरॉन’ आला, त्याचाही जुना अर्थ स्नायूचा दोर असाच होता.) तिन्ही एकाच शब्दात कोंबल्या की अंगभर पसरलेली ‘नसा’ नावाची एकच वस्तू आहे, ती एकदम कमजोर होते आणि एकदम ताकदवान करता येते, असं वाटू लागतं. चेतासंस्था तशी नाही. ती नकाशासारखी आहे, आणि बिघाड त्या नकाशावर कुठे तरी असतो.

हा नकाशा तुमच्याच हातावरून पाहू. डोक्यात साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅमचा मेंदू. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, आणि वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलं तरी विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा तो खातो. त्याच्या बुडापासून निघालेला मेरुरज्जू करंगळीएवढ्या जाडीचा आणि ४२ ते ४५ सेंटिमीटर लांबीचा असतो. तो पाठीच्या कण्याच्या टोकापर्यंत जात नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या चेता म्हणजे परिघीय चेतासंस्था : मेंदूतून १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून ३१ जोड्या. हाताच्या वाट्याला मानेतल्या शेवटच्या चार जोड्या आणि छातीची पहिली जोडी येते. त्या गळपट्टीच्या हाडामागे एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यातून हातासाठी मुख्य तीन चेता निघतात. त्यांची नावं मिडियन, अल्नर आणि रेडियल.

मिडियन मनगटाच्या मधोमध एका अरुंद बोगद्यातून तळहातात उतरते. बोगद्याला तीन बाजूंनी हाडं आणि छताला एक जाड, न ताणणारा पट्टा. त्यात बोटं वाकवणारे नऊ दोर आणि ही एक चेता दाटीवाटीने बसलेली असतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढ्यांची संवेदना ती वाहते. अनामिकेची उरलेली अर्धी बाजू आणि करंगळी अल्नरकडे. ती कोपराच्या आतल्या बाजूला कातडीखालून जाते. कोपर दारावर आपटला की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, ती हीच. रेडियलकडे हाताच्या पाठीचा अंगठ्याकडचा भाग.

आता अनामिकेचं कौतुक. एकाच बोटाची एक बाजू बधिर आणि दुसरी शाबूत अशी सरळ रेघ बोटाच्या मधोमध आखणं मेंदूला सहसा जमत नाही, मानेतल्या चेतामूळालाही (मेरुरज्जूतून चेता जिथे बाहेर पडते, त्या मुळालाही) नाही. त्यांच्या नकाशात अनामिका एकसंध असते. ती दुभागलेली आढळली, तर संशय मनगटातल्या मिडियनवर किंवा कोपरातल्या अल्नरवर जातो. पेन्सिलीने काढलेलं ते चित्र या प्रश्नापुरतं मेंदूच्या एमआरआयपेक्षा जास्त बोलकं ठरेल.

रात्रीच का, आणि झटकल्यावर बरं का वाटतं? प्रत्येक चेता म्हणजे हजारो तंतूंचा जुडगा. निवांत असलेल्या तंतूच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने कमी असतो. संदेश निघाला की तंतूच्या भिंतीतली दारं उघडतात, सोडियमचे कण आत धावतात, लगेच पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात ती जागा पूर्ववत होऊ लागते. तोवर ही लाट पुढच्या जागेवर सरकलेली असते. जाड तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं आणि त्यात साधारण मिलिमीटरभर अंतराने फटी असतात. लाट फटीवरून फटीवर उडी घेत जाते, म्हणून स्पर्शाचा संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने धावतो. बारीक, आवरण नसलेले तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढेच चालतात. पायाचं बोट ठेचकाळलं की आधी ठोका कळतो आणि ठणका क्षणभराने मागून येतो, तो याच फरकामुळे.

चेतेवर दाब आला की तिला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आधी चेपतात. आत आलेलं सोडियम बाहेर काढून तंतू सज्ज ठेवायला सतत ऊर्जा लागते, तीच तुटते. जाड तंतू आधी गप्प होतात, म्हणून स्पर्श हरवतो. दाब सुटून रक्त परतलं की हेच तंतू काही काळ बेशिस्तपणे, कुणी न विचारता संदेश सोडत राहतात. त्या मुंग्या. म्हणजे मुंग्या येणं बऱ्याचदा चेता शुद्धीवर येत असल्याची खूण असते. पायावर पाय टाकल्यावर तुमचा पाय झोपतो, तेव्हा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेवरून जाणारी चेता चेपते. पाय सोडल्यावर काही मिनिटांत सगळं जागेवर येत असेल, तर त्याला आजार म्हणू नका. तशी बैठक तासन्‌तास मात्र टाळा. पाऊल उचलेनासं झालेली काही माणसं याच सवयीतून येतात.

झोपेत आपण नकळत मनगट मुडपून घेतो. मुडपलेल्या मनगटात बोगद्यातला दाब वाढतो, आणि आडवं झाल्यावर दिवसभर पायांत उतरलेला द्रवही अंगभर पसरतो. म्हणून पहाटे जाग. हात झटकून बरं वाटणं ही मनगटातल्या मिडियनची इतकी ठरलेली खूण आहे की डॉक्टर ती मुद्दाम विचारतात. या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. बायकांमध्ये जास्त आढळतं; गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मधुमेह, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर यांत शक्यता वाढते. संगणकाला दोष द्यायची घाई करू नका. कीबोर्डपेक्षा जोर लावून वारंवार पकडण्याची आणि हादरे बसणाऱ्या अवजारांची कामं यात जास्त बदनाम आहेत.

पण फोनचा तुमचा अनुभव मला थबकवतो. फोन कानाला धरताना मनगट वाकतं, तसा कोपरही पूर्ण दुमडतो, आणि दुमडलेल्या कोपरात अल्नर ताणली जाते. तेव्हा करंगळी बधिर होत असेल तर मनगटाला पट्टा बांधून काही साधणार नाही, उपाय कोपराचा लागेल. म्हणून बोटांचं चित्र पहिलं, उपचार दुसरा.

अंगठ्याकडची साडेतीन बोटं निघाली, तर पहिला उपाय औषधाचा नाहीच. मनगट सरळ ठेवणारा पट्टा, ज्याला स्प्लिंट म्हणतात, तो रात्री झोपताना बांधायचा आणि निदान सहा आठवडे नेमाने. इथे एक चूक फार होते. तयार पट्ट्यातली धातूची पट्टी बऱ्याचदा मनगट मागे झुकवणारी, वाकवलेली येते. ती बाहेर काढून जवळपास सपाट करून घ्या, कारण मनगट खाली मुडपलं काय किंवा मागे झुकलं काय, बोगद्यातला दाब वाढतोच. अंगठा आणि बोटं मोकळी हलली पाहिजेत. पट्टा करकचून आवळाल तर दाब कमी करायला बांधलेली वस्तूच दाब वाढवेल. करंगळीची बाजू निघाली, तर रात्री कोपराभोवती जाड टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे तो पूर्ण दुमडणार नाही. दिवसा कोपर टेबलाच्या कडेवर टेकवणं सोडा आणि फोन स्पीकरवर घ्या.

एवढ्याने भागलं नाही, तर मिडियनसाठी बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि शेवटी छताचा पट्टा कापून चेतेला जागा करून देणारी छोटी शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की लोक लांबवत राहतात. लांबवायला हरकत नाही, पण एक गोष्ट दर आठवड्याला पाहा. दोन्ही तळहात शेजारी धरून अंगठ्याच्या बुडाशी असलेले मांसल उंचवटे ताडून बघा. मग तळहात वर करून टेबलावर ठेवा, अंगठा छताच्या दिशेने सरळ उभा करा आणि दुसऱ्या हाताने तो खाली दाबून पाहा. उजवा उंचवटा सपाट दिसत असेल, अंगठा सहज पडत असेल, किंवा बधिरपणा दिवसभर हटतच नसेल, तर सहा आठवडे थांबू नका. मायलिनचं आवरणच बिघडलेलं असतं तोवर दुरुस्ती आठवड्या-महिन्यांत होते. आतला तंतूच मेला तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो, आणि तोवर वाळलेला स्नायू त्याची वाट बघत थांबेलच असं नाही.

आता गोळ्या. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. अशा गोळ्यांत बहुधा बी१, बी६ आणि बी१२ ही जीवनसत्त्वं असतात. पाण्याच्या नळीवर खुर्चीचा पाय आला असेल तर टाकी भरून धार येत नाही. चेपलेल्या चेतेला जीवनसत्त्वांनी जागा मिळत नाही. पण माझा मुख्य आक्षेप ‘दुप्पट करू का’ याला आहे. प्रौढ माणसाला दिवसाला बी६ दीड मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. ताकदीच्या गोळ्यांत ते याच्या कितीतरी पट असू शकतं, आणि मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर बी६ स्वतःच संवेदनांच्या चेतांना इजा करतं. पाय बधिर होतात, चाल डगमगते, आणि माणूस ‘नसा अजून कमजोर झाल्या’ म्हणून आणखी एक गोळी वाढवतो. डोस दुप्पट तर करू नकाच. डॉक्टरांनी सांगितलेल्या नसतील तर चालू ठेवायलाही मला काही कारण दिसत नाही.

बी१२चं प्रकरण वेगळं. त्याची कमतरता खरोखर चेतांना आणि मेरुरज्जूला बाधते, कारण मायलिन धड ठेवायला ते लागतं. दिवसाची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात साठा वर्षानुवर्षं पुरेल एवढा. त्यामुळे कमतरता हळूहळू, गुपचूप येते. प्राणिजन्य पदार्थ अजिबात न खाणारे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, जठराची शस्त्रक्रिया झालेले, यांनी पातळी तपासावी. पण तिची सुरुवात एका हाताच्या तीन बोटांत सहसा होत नाही. ती दोन्ही पावलांत होते, आणि डोळे मिटून किंवा अंधारात उभं राहिलं की तोल जातो. तुम्ही तपासणी केलीत तर दोन महिन्यांच्या गोळ्यांनी रक्तातला आकडा फुगलेला दिसेल, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि एमआरआय. वडिलांच्या आजारपणानंतर ही भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण पक्षाघात असा वागत नाही. तो अचानक येतो. तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडतो, आणि हात झटकून तो जात नाही. तीन महिने रोज पहाटे येऊन दहा मिनिटांत निघून जाणं हा त्याचा रिवाज नव्हे. मेंदूच्या एमआरआयमध्ये मनगट दिसत नाही. कदाचित एखादा निरुपद्रवी पांढरा ठिपका दिसेल, आणि मग तुम्हाला आज आहे त्याहून मोठी चिंता पदरात पडेल. वडिलांच्या आजाराचा तुम्हाला करण्यासारखा उपयोग दुसराच आहे : रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी मोजा.

बिघाड मध्यवर्ती आहे की परिघीय, हे ठरवायचं पहिलं यंत्र म्हणजे डॉक्टरांच्या खिशातली रबरी हातोडी. गुडघ्याखालच्या दोरावर टिचकी मारली की ताणाची खबर मेरुरज्जूत जाते, तिथे दोन चेतापेशींमधल्या एकाच जोडावरून दुसऱ्या चेतापेशीला मिळते आणि पाय उडतो. मेंदूला विचारायला कुणी थांबत नाही. हे वर्तुळ कुठेही तुटलं तर उडी मंदावते. वरून मेंदूचा किंवा मेरुरज्जूचा लगाम सुटला असेल, तर काही काळाने ती उलट जोरकस होते. पुढे गरज पडली तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट. त्यात हातावर छोटे विजेचे धक्के देऊन संदेश किती वेगाने पोहोचतो ते मोजतात. हाताच्या चेतांमध्ये साधारण सेकंदाला ५० मीटर किंवा अधिक वेग अपेक्षित असतो. मनगटाच्या टप्प्यातच तो मंदावलेला दिसला की जागा पक्की होते. अगदी सौम्य दुखण्यात ही चाचणी कधी कधी बिनदोषही येते, तेवढ्यावरून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. तिच्याबरोबर साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या.

हे वाचताना इतरही कुणी आपापले हात-पाय चाचपत असतील. त्यांच्यासाठी : मान वळवली की दंडापासून बोटांपर्यंत कळ जात असेल तर मुळाचा शोध मानेत घ्या, अंगठ्याकडे जात असेल तर बहुधा सहावं, मधल्या बोटाकडे सातवं, करंगळीकडे आठवं चेतामूळ. दोन्ही पावलं सारखीच, मोजे घातल्यासारखी बधिर आणि रात्री जळजळत असतील, तर आधी साखर तपासा. पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू जवळपास मीटरभर लांब, आणि त्याला रसद पुरवणारी पेशी पार पाठीच्या कण्याजवळ. शरीरभराचा बिघाड असला की सर्वांत लांबचं टोक पहिलं उपाशी राहतं. घाबरल्यावर ओठांभोवती आणि दोन्ही हातांना एकदम मुंग्या येत असतील, तर जोरजोरात श्वास घेण्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चेता चिडखोर झालेल्या असतात. श्वास संथ झाला की मुंग्या ओसरतात.

आणि काही वेळा कागद-पेन्सिल बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचं. चेहरा, वाणी किंवा एक बाजू अचानक गेली तर लक्षणं सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. बसण्याच्या जागी बधिरपणा येऊन लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर कमरेच्या मणक्यांतला चेतांचा झुपका चेपला जात असतो. त्याला सकाळपर्यंत थांबवू नका. दोन्ही पायांतली ताकद काही दिवसांत खालून वर सरकत कमी होत गेली, तरी तेच.

तुमच्यासाठी आता एवढंच : तीन रात्रींची चित्रं, गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी घेऊन आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. पट्टा सुरू केलात तर सहाव्या आठवड्यात तेच चित्र पुन्हा काढून पहिल्या चित्राशेजारी ठेवा. रंगवलेला भाग तेवढाच राहिला असेल, तर मेंदूच्या नव्हे, हाताच्या डॉक्टरांची वेळ घ्या.